शेजारच्या इमारतीने आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली १०० केव्हीएचा जनरेटर बसवलाय. "तुम्ही नंतर राहायला आलात" म्हणतात. कायद्याने काय करता येईल?

"नंतर आलात" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हा बचाव आजचा नाही, १८७९ मध्येच निकालात निघालाय. इंग्लंडमधल्या स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन खटल्यात मिठाईवाल्याचे खलबत्ते वीस वर्षांहून जास्त काळ धडधडत होते. शेजारच्या डॉक्टरने तपासणीची खोली नंतर बांधली, तरी मनाई हुकूम डॉक्टरलाच मिळाला. आपल्याकडे सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ७ बघा. आवाजाने किंवा हादऱ्याने घरमालकाच्या शारीरिक स्वास्थ्यात अवाजवी बाधा येऊ नये, हा हक्क मालकीबरोबरच येतो.

हक्क आहे, पण तो कोर्टात दाखवायचा कशाने? इथे वकील मंडळींशी माझा जुना वाद आहे. ते म्हणतात, आधी नोटीस ठोका. मी म्हणतो, आधी मोजा. "प्रचंड त्रास होतो" या तीन शब्दांवर तात्पुरती मनाईही मिळत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा. ही सरासरी पातळी आहे, मीटरवर एलईक्यू दिसते ती. क्षणभराचा चढलेला काटा नव्हे. मोबाइलचं ॲप विसरा. कॅलिब्रेशनचं (अचूकतेच्या तपासणीचं) प्रमाणपत्र असलेला मीटर भाड्याने आणा किंवा मोजणाऱ्यालाच बोलवा. एकाच जागी, एकाच रात्री, जनरेटर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा मोजा. चालू असताना ५८ आणि बंद असताना ५० आलं, तर एकट्या जनरेटरचे सुमारे ५७. फरक तीनचाच निघाला, तर जनरेटर परिसराच्या आवाजाइतकाच आहे आणि समोरचा वकील रस्त्यावरच्या रहदारीकडे बोट दाखवणार.

आता जी गोष्ट हमखास राहते ती. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ७५ स्फोट होतात. म्हणजे मूळ घरघर ७५ हर्ट्झची. मीटरची 'ए' पट्टी, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणारी मोजणी, या आवाजातून वीसहून जास्त डेसिबल वजा करते. त्यामुळे उशी थरथरते आणि अहवाल म्हणतो सगळं ठीक. खालचे सूर जवळपास पूर्ण धरणाऱ्या 'सी' पट्टीचाही आकडा घ्या. दोन्हींत वीसच्या आसपास तफावत आली, तर खरा त्रास घरघरीचा आहे आणि कॅनॉपीला (जनरेटरभोवतीच्या आवाजरोधक पेटीला) आणखी फोम चिकटवून तो जाणार नाही. पाया बघा: जनरेटरचा सेट थेट स्लॅबला बोल्ट केलाय का, खालचे रबरी माउंट कडक झालेत का, एक्झॉस्टच्या पाइपला बेलो (हादरे शोषणारा लवचिक जोड) आहे की पाइप तसाच भिंतीला क्लँप केलाय.

शेजारचे लोक ७५ डेसिबलचं प्रमाणपत्र नाचवतील. ते कॅनॉपीपासून एक मीटरवरचं, कारखान्यातलं, दारं बंद असतानाचं. इथे सेट तापतो म्हणून दारं उघडी असतात आणि दोन भिंतींच्या बोळात आवाज लवकर विरत नाही. शिवाय एक मुद्दा मीटरशिवाय सिद्ध होतो, धुराड्याचा. उंची हवी इमारतीच्या उंचीपेक्षा ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ इतके मीटर जास्त. १०० केव्हीएला छताच्या वर दोन मीटर. धूर तुमच्या खिडकीशी सुटत असेल तर फोटो पुरे.

तक्रार पोलीस आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोन्हीकडे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त भरले किंवा रात्रीच्या बंधनाचा भंग झाला, तर ध्वनिप्रदूषण नियमांतल्या नियम ७ खाली थेट तक्रार बसते. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम १५२ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) आहे, पण ते सार्वजनिक उपद्रवासाठी. एकट्या घरासाठी गेलात तर "दिवाणीत जा" ऐकावं लागेल, तेव्हा आसपासच्या घरांच्या सह्या घ्या. दिवाणी दाव्यात "जनरेटर बंद करा" असं मोघम मागू नका. त्यावर त्यांची लिफ्ट आणि आगीचा पंप असेल, न्यायाधीश कचरतात. सेट हलवणं, माउंट बदलणं, धुराडं वर नेणं असं नेमकं मागा आणि पाहणीसाठी कोर्ट कमिशनर (कोर्टाने नेमलेला पाहणी करणारा) मागा.

दोन गोष्टी राहिल्या. महिन्यातून अर्धा तास वीज गेल्यावरच सेट चालत असेल तर दाव्यात पडू नका, टिकणार नाही. आणि गप्प बसून वर्षं घालवू नका: विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे, चालू उपद्रवाला तुम्ही मूक संमती दिली असं ठरलं तर मनाई मिळत नाही. मोजणी पुढच्या आठवड्यात झाली तरी चालेल, पण तारखेनिशी एक साधं पत्र आजच द्या आणि पोच घ्या.