विमानाला उंची कोण सांगतं?

प्रश्न : आम्ही घाटकोपरला राहतो. मुलगी गोंदियाला इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं न दिसता यंत्रांच्या भरवशावर विमान चालवण्याचं प्रशिक्षण, करते आहे. ती म्हणते, धावपट्टीजवळची यंत्रणा नसली तरी जीपीएसवर ढगांतून खाली येता येतं. माझ्या फोनला तर मी ईस्टर्न फ्रीवेवर आहे की खाली पी. डिमेलो रोडवर, हेही कळत नाही. मग विमानाला कसं कळतं? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या फोनने बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. आधी एक सांगतो, तुमच्या डोक्यावरून २७ नंबरच्या धावपट्टीकडे जाणारी विमानं पावसाळ्यात बहुतेक आयएलएसवरच, म्हणजे मुलगी म्हणते त्या धावपट्टीजवळच्या यंत्रणेवरच येतात. त्यात दिशा आणि उतार, दोन्ही जमिनीवरच्या अँटेनांकडून मिळतात.

जीपीएसचं आडवं काम चोख असतं. जागा ठरवायला चार उपग्रह लागतात, पाचवा असला की रिसीव्हरला त्यांच्यात कुणी खोटं बोलतंय का ते कळतं आणि सहावा असला तर त्या खोटारड्याला बाहेर काढता येतं. उभ्याचं तसं नाही. सगळे उपग्रह वरच्याच बाजूला, खालून बघणारा कुणीच नाही. त्यामुळे उंचीतली चूक मोठी असते. म्हणून साध्या जीपीएस अप्रोचमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, उंची उपग्रहाकडून घेतच नाहीत, ती हवेच्या दाबावरून घेतात. वैमानिक कंट्रोलरने दिलेला क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब, अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर लावतो आणि त्यावरून काँप्युटर उतार आखतो.

खरी गोम इथेच आहे. हा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात आणि एक हेक्टोपास्कल चुकला की सुमारे २८ फूट चुकतात. मे २०२२ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर कंट्रोलरने १००१ ऐवजी १०११ सांगितलं. एअरबस ए३२० पावसात २८० फूट खालच्या उताराने येत राहिलं, जमिनीपासून ६ फुटांवर पोचलं, आणि धावपट्टी अजून किलोमीटरहून लांब! कॉकपिटमध्ये मात्र सगळं जागच्या जागी दिसत होतं. आयएलएसचा उतार असा फसत नाही. तो जमिनीवरून येतो, क्यूएनएच चुकला म्हणून वाकत नाही.

यावर उपाय आपल्याकडे आहे. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचं ‘गगन’. जमिनीवरची केंद्रं जीपीएसची चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला पोचते. मग उंचीही उपग्रहाकडून घेता येते. आपल्याकडे हे काम जास्त किचकट, कारण चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि सूर्यास्तानंतर आयनोस्फिअर, म्हणजे उपग्रहांचे संदेश ज्यातून येतात तो वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, फार धिंगाणा घालतं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानात किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’वर उतरलं. पण सगळ्याच विमानांत त्याचा रिसीव्हर नसतो.

मुलीला अप्रोच चार्टच्या, म्हणजे उतरण्याच्या मार्गाच्या नकाशाच्या तळाशी बघायला सांगा. तिथे एलनॅव्ह (फक्त दिशा), एलनॅव्ह-व्हीनॅव्ह (दिशा आणि उतार) आणि एलपीव्ही (‘गगन’सारख्या यंत्रणेवरचा अप्रोच) अशा वेगवेगळ्या किमान उंची छापलेल्या असतात. एलपीव्ही सोडलं तर बाकी दोन्हींत उंची सहसा दाबाचीच. क्यूएनएच रेडिओवर ऐकला की एटिसशी, म्हणजे विमानतळाच्या रेकॉर्ड केलेल्या माहितीशी ताडून बघायचा. दोन्हींत फरक आला तर पुन्हा विचारायचं, कंट्रोलर वैतागला तरी चालेल. आणि जीपीएसने दगा दिल्याची सूचना ढगात असताना आली, धावपट्टी दिसत नसेल, तर वाट न बघता गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर.