पणजोबांचा दवाखाना सापडला, पण विहिरी-धर्मशाळांच्या रुमालात

‘सन १९०० पूर्वीचे वैद्यकीय अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.’ तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि उठून कपाटातली माझी फाइल काढली. माझ्याकडे शब्दशः हेच वाक्य आहे, गोल शिक्क्यासकट, जावक क्रमांकासकट. फक्त जिल्हा वेगळा.

तुमचे खापरपणजोबा १८८०च्या सुमारास तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट (म्हणजे दवाखाना सांभाळणारे कनिष्ठ सरकारी डॉक्टर) होते एवढंच घरात ठाऊक आहे, सिव्हिल हॉस्पिटलनं हात वर केलेत आणि आता शोधायचं कुठे, हा तुमचा प्रश्न. माझे पणजोबाही हॉस्पिटल असिस्टंटच. काळ तोच, पगारही बहुधा तेवढाच तुटपुंजा. म्हणून सविस्तर लिहितो. मी इतिहासकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. माझा अनुभव जुन्या मुंबई इलाख्यातल्या खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलातल्या, मुलखापुरता आहे, तेव्हा जाणकारांनी चुका खुशाल दाखवाव्यात. अर्ज कसा लिहायचा, ओळखपत्र काय लागतं, ते तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक आधी सांगतो. मी ‘वैद्यकीय’ या शब्दाला चिकटून बसलो. दवाखाना म्हणजे डॉक्टर, डॉक्टर म्हणजे वैद्यकीय खातं, इतका सरळ हिशेब. अर्जात मी चक्क ‘ग्रामीण रुग्णालयाचे १८८० ते १८९० या काळातील वैद्यकीय अभिलेख’ असं लिहिलं होतं. ग्रामीण रुग्णालय! १८८० साली! ज्या कार्यालयात अर्ज दिला (नाव घेत नाही, तिथल्या दोघांनी पुढे मदत केली आहे) तिथल्या बाईंनी संगणकात ‘ग्रामीण रुग्णालय’ टाकून पाहिलं, काही आलं नाही, पंधरा दिवसांत उत्तर तयार. त्यांना तरी काय दोष देऊ? दोष खरा माझा. ‘उपलब्ध नाहीत’ म्हणजे ‘नष्ट झाले’ असं मी धरून चाललो आणि तीन वर्षं तो विषयच बंद ठेवला.

त्या तीन वर्षांत काय झालं ते ऐका. आमची एक चुलत आत्या गावच्या वाड्यात एकटी राहायची. ती दोनदा फोनवर म्हणाली होती, ‘अरे, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे इंग्रजी कागद आहेत, येऊन बघून जा.’ मी म्हटलं, सरकारकडेच काही नाही, आता ट्रंकेतले कागद कशाशी ताडून बघणार? पुढे वाडा बिल्डरकडे गेला. आत्या मुलाकडे पुण्याला आली, ट्रंक रद्दीवाल्याकडे गेली. किलोवर. त्यात पणजोबांचं सर्टिफिकेट होतं की नुसत्या वाण्याच्या पावत्या, आता कुणीच सांगू शकत नाही.

आता मुद्दा. आज ‘सरकारी दवाखाना’ म्हटलं की एकच खातं, एकच तिजोरी डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकात तसं नव्हतं. एकाच इमारतीत चार खिशांतला पैसा असायचा. मोठी उदाहरणं घ्या. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल १८४५ साली उघडलं, ते जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये देऊ केले आणि सरकारनंही तेवढेच घालावेत अशी अट टाकली म्हणून. पुण्याचं ससून १८६७चं. त्याचा खर्च ३ लाख १० हजारांच्या घरात, त्यातले १ लाख ८८ हजार डेव्हिड ससून यांचे. मग ही हॉस्पिटलं सरकारी की खासगी? चालवायची सरकारनं, नाव देणगीदाराचं. तालुक्याच्या दवाखान्यात हीच गोष्ट छोट्या प्रमाणात. इमारत एखाद्या सावकारानं दिलेली किंवा वर्गणीतून उभी केलेली, म्युनिसिपालटी असेल तर थोडी रक्कम तिची, थोडं सरकारी अनुदान आणि उरलेला भार लोकल फंडावर.

ह्या लोकल फंडापाशी मी अडखळलो होतो. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचे. त्याचे दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. दवाखान्याला स्वतंत्र हिस्सा नाहीच! त्याचा खर्च रस्त्यांच्या हिश्श्यातून निघायचा. गॅझेटियरमधला, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथातला, जिल्ह्याचा लोकल फंडाचा ताळेबंद काढून बघा. पब्लिक वर्क्सच्या सदरात आस्थापना, नवी कामं, दुरुस्ती, आणि त्यांच्याच रांगेत मुकाट्यानं बसलेली एक ओळ: मेडिकल चार्जेस. आयुष्यभर लेजर तपासलेल्या माणसानं ही ओळ पाहायला नको होती का? मी गॅझेटियरचं आरोग्याचं प्रकरण तीनदा वाचलं होतं, महसूल-वित्ताच्या प्रकरणाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तुम्ही ते आधी वाचा.

तिथेच जिल्हा लोकल फंड समितीचे सभासदही दिलेले असतात. कलेक्टर, असिस्टंट आणि डेप्युटी कलेक्टर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर, इनाम गावाचा एक मालक, सहा जमीनधारक. सिव्हिल सर्जन, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य सरकारी डॉक्टर, शोधत बसलात तर त्या यादीत सापडायचा नाही. दवाखान्याच्या पैशांवर इंजिनिअर बोलणार, सहा बागायतदार बोलणार आणि डॉक्टर बाहेरून पत्रं पाठवणार. ‘इंग्रजांच्या काळात सगळं कसं शिस्तीत होतं’ म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकांना मी हे एकदा दाखवलं. ते म्हणाले, तरी रस्ते चांगले होते. बरोबर आहे, दोन हिस्से तिकडेच जात होते.

वरच्या पातळीवरही हीच फोड. १८७०च्या डिसेंबरात लॉर्ड मेयोच्या सरकारनं तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी काही खाती ठरावीक रक्कम देऊन प्रांतांच्या हवाली केली. त्यात वैद्यकीय सेवाही होती, पण वैद्यकीय आस्थापना वगळून. म्हणजे सेवा एकीकडे आणि नोकरवर्ग दुसरीकडे. म्हणून माणसाची नेमणूक नि बदली एका दप्तरात, त्याच्या दवाखान्याचं छप्पर दुसऱ्याच दप्तरात. पुढे १८८४च्या कायद्यानं लोकल बोर्डं आली की कागदांचं घर पुन्हा बदलतं. तुमचा काळ नेमका या सांध्यावरचा आहे, तेव्हा १८८४च्या अलीकडचं आणि पलीकडचं दोन्ही मागा.

माझे पणजोबा मला छपरामुळेच सापडले. तीन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी, एका शेताच्या जुन्या विहिरीच्या वादासाठी, जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो. विहिरी, धर्मशाळा, चावड्या यांच्या दुरुस्तीचा रुमाल सोडला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, नवख्यांसाठी सांगतो. त्यात फुलस्कॅप आकाराचा एक कागद, मधोमध घडीवर फाटलेला. वर इंग्रजीत, शाळकरी वळणाच्या अक्षरात अर्ज: दवाखान्याची शाकारणी (छपराची दुरुस्ती) दोन वर्षं झालेली नाही, औषधांच्या कपाटावर पाणी गळतं, कपाटावर गोणपाट टाकून काम चालवलं आहे. खाली सही, नाव आणि बापाचं नाव. आडनाव नाही. मार्जिनमध्ये सिव्हिल सर्जनचा दोन ओळींचा शेरा, कलेक्टरकडे पाठवल्याचा. आणि पाठीमागे मामलेदाराच्या कचेरीचं मोडीतलं टिपण: इमारत वर्गणीची असल्यानं सरकारी बांधकाम खातं हात लावत नाही, आणि म्युनिसिपालटी म्हणते नोकर सरकारचा आहे. एका कागदावर तीन हातांची अक्षरं आणि गोणपाट मात्र पणजोबांचं. मी तिथेच बसून राहिलो. शिपायानं विचारलं, ‘साहेब, बरं वाटत नाही का?’

शाकारणी झाली की नाही ते कळलं नाही. पुढचा रुमाल वाळवीनं पोखरला होता.

आता सुटे सुटे सांगतो, क्रम लावत नाही.

मुंबईला काळा घोडा इथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे वैद्यकीय प्रकरणं मुख्यतः जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत आहेत. ‘मेडिकल’ नावाचं कपाट शोधू नका. १८९७ नंतरचं काही हवं असेल तर प्लेगचे कागद वेगळे चाळा. त्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात रँडची प्लेग समिती, मुंबईत गॅटेकरची, आणि जिथे तिथे तात्पुरती इस्पितळं उभी राहिली. तिथे माणसं लागली ती आजूबाजूच्या दवाखान्यांतून उचलली असणार, निदान आमच्या पणजोबांचं तसंच झालं असं आत्या सांगायची. लोकांची त्या इस्पितळांवर किती दहशत होती म्हणाल, तर १८९६च्या ऑक्टोबरात हजारभर गिरणीकामगार मुंबईच्या आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेले होते. त्या दिवसांत हॉस्पिटल असिस्टंटला गावात कुणी पाणी विचारलं असेल का, मला शंका आहे.

नावं आडनावाशिवाय शोधा. भाऊ दाजी, सखाराम अर्जुन ही मुंबईची मोठी डॉक्टर मंडळीसुद्धा कागदोपत्री अशीच भेटतात, लाड आणि राऊत आपण लावतो. रोमन लिपीतलं स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर, एकाच महिन्यात एकाच माणसाची तीन. वर्षाचंही बघा: १८६६पर्यंत सरकारी वर्ष १ मेला सुरू होई, नंतर १ एप्रिलला. तुमच्या काळात अडचण नको यायला, पण त्यांचं शिक्षण-भरती शोधायला मागे गेलात तर अडेल. ते १८७८ नंतर शिकले असतील तर पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे असू शकतात, त्याआधीचे असतील तर ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या मराठी वर्गाचे. सिव्हिल सर्जनकडे पुष्कळदा जिल्ह्याचा तुरुंगही असे, म्हणून तुरुंगाचे अहवाल फुकट घालवू नका.

मोडी शिका किंवा वाचणारा गाठा. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात. मी साठीत शिकलो, तेव्हा वयाचं कारण ऐकून घेणार नाही. इंग्रजी शेऱ्यात सगळं गोड असतं, खरी भांडणं मोडीत आहेत.

आणि हे सगळं करण्याआधी गाव तेव्हा कुणाच्या अमलात होतं ते बघा. हे मी मूलभूत समजून सोडणार होतो, पण गेल्याच महिन्यात एका मित्राचे चार महिने यात गेले. आनंदीबाई जोशी १८८६ साली कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डवर नेमल्या गेल्या, ती नेमणूक संस्थानची होती, मुंबई सरकारची नव्हे. संस्थानी गाव असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जा किंवा त्या त्या संस्थानाचं दप्तर कुठे गेलं ते शोधा. मराठवाडा निजामाकडे, नागपूर मध्य प्रांतात, वऱ्हाडाचा कारभार आणखी वेगळा. तिथलं मला काही कळत नाही, उगाच सल्ला देणार नाही.

अर्जाबद्दल एकच. ‘वैद्यकीय’ शब्द काढून टाका. ‘लोकल फंड, सन १८७५ ते १८९५, दुरुस्ती व किरकोळ खर्च, अमुक तालुका’ असं लिहा. तालुक्याचं नाव आणि स्पेलिंग त्या काळचं. अर्ज देऊन घरी येऊ नका, शक्य असेल तर फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, स्वतः बघायला मागा. नाही म्हणाले तर लेखी नाही मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा किल्ली सापडते. काही कागद ‘ड’ वर्गात, म्हणजे फार काळ न जपायच्या कागदांत, जाऊन तेव्हाच रद्दी झालेले असतील, ती तयारी ठेवा. माझा अनुभव एका जिल्ह्याचा, एका बरे कारकून असलेल्या दुपारचा आहे, तुमच्याकडे दुसरंच काही घडू शकतं.

तुमच्या पोस्टमध्ये तालुक्याचं नाव नाही. ते लिहा. सातारा असेल तर गॅझेटियरचा १९वा खंड, नाशिक १६वा, ठाणे १३वा, नगर १७वा, सोलापूर २०वा. माझ्याकडे यातले तीन घरी आहेत, ताळेबंदाचं पान काढून फोटो टाकतो. आणि घरात माळा असेल, त्यावर ट्रंक असेल, तर या रविवारीच शिडी लावा.