तेल वर तरंगतं, मग खालचे मासे कमी का होतात?

प्रिय सई,

तू विचारलं आहेस, "मराठी बातम्यांत 'समुद्रावर तेलाचा तवंग' असं म्हणतात. तवंग वरच असतो ना, मग खालच्या माशांना काय होतं? आणि मराठीत सगळ्यालाच तेल का म्हणतात?"

आधी शब्दाचं सांगतो. 'तेल' आला तिळावरून. पुढे कुठल्याही बीचं ते तेल झालं आणि जमिनीच्या पोटातून निघालं तेही तेलच. पण खनिज तेल हा एक पदार्थ नव्हे, हजारो रसायनांचं मिश्रण आहे. सांडल्यावर त्यातला हलका भाग उडून जातो, जड भागाचे डांबरासारखे गोळे होतात आणि थोडासा भाग पाण्यात विरघळतो. माशांचं नुकसान होतं ते मुख्यतः या विरघळलेल्या भागामुळे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

एक प्रयोग कर. झाकणाच्या काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी आणि चमचाभर खायचं तेल घे. तेलाचा थर वर येईल. आता झाकण घट्ट लावून तीस वेळा जोरात हलव. पाणी दुधाळ होईल आणि काही मिनिटांत बरंचसं तेल पुन्हा वर येईल. मग भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून परत हलव. या वेळी दुधाळपणा बराच वेळ टिकेल, कारण थेंब फार बारीक झालेले असतात.

पहिलं काम समुद्रात लाटा करतात, दुसरं माणसं मुद्दाम करतात. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलफलाटावर (समुद्रातून तेल काढायच्या मोठ्या मचाणावर) स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि सुमारे 1500 मीटर खोल तळावरची विहीर 87 दिवस वाहत राहिली. त्या वेळी साबणासारखं काम करणारं सुमारे 70 लाख लिटर रसायन वापरलं, पाण्यावर फवारलं आणि थेट विहिरीच्या तोंडाशीही सोडलं. त्यामुळे किनारा आणि पक्षी थोडे वाचतात, पण तेलाचे बारीक थेंब पाण्यात खोलवर पसरतात.

ब्लूफिन ट्यूना हा मोठा मासा त्याच आखातात त्याच महिन्यांत अंडी घालतो. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पारदर्शक, पृष्ठभागाजवळ तरंगणारं. भिंगाखाली आतल्या पिल्लाचं हृदय धडधडताना दिसतं. तेलातली काही रसायनं कार्बनची तीन कडी जोडल्यासारखी असतात. ती हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम आणि कॅल्शियमची ये-जा अडवतात. ठोके मंद आणि अनियमित होतात, हृदयाभोवती पाणी साचतं, जबडा आणि पर वाकडे वाढतात. पिल्लू पारदर्शक असल्यामुळे ऊन आत शिरतं आणि काही रसायनं उन्हात आणखी विषारी बनतात. मोठा मासा दूर पळू शकतो, शिवाय त्याचं यकृत ही रसायनं फोडून पित्तावाटे बाहेर टाकतं. अंड्याला पळता येत नाही. म्हणून 'मेलेले मासे तर दिसले नाहीत' हे वाक्य वाचलंस तर त्यावर विसंबू नकोस.

जगलेल्या पिल्लाचंही खरं नसतं. गुलाबी सॅमन या माशाच्या अंड्यांना तेलातली ही रसायनं अब्जात पाचेक भाग इतकीच लागू दिली, पिल्लं धडधाकट दिसल्यावर खुणा करून सोडली, तरी न भिजलेल्यांपेक्षा सुमारे 15 टक्के कमी जगली. अलास्कात मार्च 1989 मध्ये 'एक्सॉन वाल्डेझ' जहाजातून सुमारे 4 कोटी लिटर तेल सांडलं. तिथल्या ओढ्यांच्या वाळूखडीत तेल मुरून बसलं आणि सॅमनची अंडी पुढे 1993 पर्यंत जास्त प्रमाणात मरत राहिली. 1993 मध्येच तिथल्या हेरिंग माशांची संख्याही कोसळली. तेल, रोग की अन्नाची टंचाई, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मासा तसाही दरवर्षी कमीजास्त होतो, त्यामुळे दोष सिद्ध करणं खरोखर अवघड असतं. माझ्या मते किती लिटर सांडलं यापेक्षा कुठल्या महिन्यात सांडलं हे आधी विचारावं.

तेल न सांडताही त्रास होतो. तळाखालचं तेल शोधायला जहाजं दाबलेल्या हवेचे बार दर दहा-पंधरा सेकंदांनी काढतात. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात 1992 साली मोजलं तेव्हा कॉड आणि हॅडॉक या माशांची पकड सुमारे निम्म्यावर आली. परिणाम 33 किलोमीटरपर्यंत दिसला आणि बार थांबल्यावर पाच दिवसांनीही पकड पूर्ववत झाली नव्हती. मासे मेले नव्हते, निघून गेले होते. विहिरीतून तेलाबरोबर येणारं पाणीही साफ करून समुद्रात सोडतात. ईशान्य अटलांटिकमध्ये त्यात लिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल चालत नाही. पण ही मर्यादा तेलाच्या थेंबांना पकडते, विरघळलेली बरीच रसायनं तिच्यातून सुटतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. फलाटाच्या खांबांवर शिंपले आणि प्रवाळ वाढतात, आसऱ्याला मासे जमतात, आणि सुरक्षेसाठी भोवती 500 मीटरपर्यंत मनाई असली की जाळीही पडत नाहीत. कॅलिफोर्नियाजवळचे फलाट माशांच्या वाढीत फार वरचे ठरले आहेत. असा फलाट सुरुंग लावून पाडला की भोवतालचे मासे मरतात. म्हणून काही ठिकाणी वरचा भाग कापून खालचा पाण्यातच ठेवतात.

बरणीतला थर साबणाआधी आणि साबणानंतर किती मिनिटांत परत आला, ते लिहून पाठव.

तुझा,
बाबा