मागे राहणाऱ्या एकाचे घर

न्यू जर्सीहून एका वाचकांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ६८ आणि पत्नीचे ६४. तिकडे जाऊन ३६ वर्षे झाली, दोघेही अमेरिकेचे नागरिक आहेत आणि दोघांकडेही ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारतात राहण्याची मुभा देणारे कार्ड) आहे. बेळगावात शहापूरला वडिलोपार्जित कौलारू घर आहे, तिथे थोरले बंधू राहतात. खानापूर तालुक्यात थोडी भातशेती आहे. एकुलता एक मुलगा सिएटलला असतो. ते लिहितात, "उरलेले आयुष्य आपल्या गल्लीत काढावे अशी फार ओढ लागली आहे. आमची सौ. पुण्याची, पण तिची फारशी हरकत नाही. इथले घर विकून कायमचे यावे का?"

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा 'तिची फारशी हरकत नाही' या वाक्याशी थांबले. चार पानांच्या पत्रात कपिलेश्वराचे देऊळ आहे, गणपत गल्लीतला बाजार आहे, शाळासोबती आहेत; वहिनी मात्र या एका वाक्यापुरत्याच आहेत. हे दोष काढण्यासाठी लिहीत नाही. मी आणि माझे यजमान इंग्लंडहून बेळगावला परतलो तेव्हा आम्हीही आमच्या दोघांचाच विचार केला होता. तिसऱ्या वर्षी ते गेले आणि आम्ही दोघांसाठी निवडलेल्या गावात मी एकटी उरले. तेव्हापासून मला कोणी हा प्रश्न विचारला की मी आधी एवढेच विचारते, की दोघांपैकी एक जण गेल्यावर मागे राहणाऱ्याने कुठे राहावे, याचे उत्तर आपल्याजवळ आहे का? वयातले अंतर पाहता आपल्या घरात ते माणूस बहुधा वहिनी असतील.

आता हे बेळगावच्या बाबतीत वेगळे का, ते सांगते. आपण इथे वाढलात, त्यामुळे भाजीवालीशी कन्नडमध्ये आणि शेजाऱ्याशी मराठीत बोलताना आपल्याला भाषा बदलल्याचे जाणवतही नसेल. पुण्यात वाढलेल्या माणसाला शहापूर, अनगोळ, वडगाव या भागांत रोजच्या व्यवहारात अडचण येणार नाही, कारण मराठी सगळीकडे चालते. अडचण येते ती कागदावर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि आज जमिनीचा उतारा, घराचा खाता (पालिकेच्या दप्तरातली मालकाची नोंद), पालिकेची नोटीस हे सारे कन्नडमध्ये असते. माझे शिक्षण शहापूरच्या मराठी शाळेत झाले. मला बोलायला कन्नड येते, वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावे लागते. यजमान गेल्यानंतर घरावर माझे नाव लावण्याचा अर्ज केला होता. त्याबाबत आलेले एक पत्र मी नेहमीचे कराचे बिल समजून टेबलाच्या खणात ठेवून दिले. काही आठवड्यांनी शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी दुसऱ्याच कामासाठी आली असताना तिने ते वाचले आणि म्हणाली, "काकू, यात हजर राहायची तारीख दिली होती, ती होऊन गेली." पुढे पाच महिने हेलपाटे झाले. मला निदान त्या कार्यालयात जाऊन बोलता तरी आले. वहिनींना ते कोण वाचून दाखवील, याचा विचार आजच व्हायला हवा.

दुसरा प्रश्न घराचा. 'आमचे घर' असे आपण लिहिता, परंतु उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे ते पत्रात नाही. वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली का, वाटणीपत्र झाले का, आणि बहिणी असतील तर त्यांचा वाटा धरला का, हे बंधूंशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकाने केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्याही आधी, १९९४ मध्येच केली होती, तेव्हा 'बहिणी काही मागणार नाहीत' या भरवशावर राहू नये. त्यांना द्यायचे ते द्यावे, आणि त्या सोडणार असतील तर रीतसर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. वारसाने आलेली शेती ओसीआय कार्डधारकाला ठेवता येते, मात्र नवी शेतजमीन विकत घेता येत नाही आणि असलेली विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याच्या निकालाची ओढ मलाही आहे, पण घराचे कागद त्यासाठी थांबवून ठेवू नयेत. माझ्या वडिलांनी थांबवले आणि ते काम शेवटी आम्हा भावंडांना करावे लागले.

बंधूंच्या घरात राहायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरात आपण सुट्टीत पाहुणे म्हणून पंधरा दिवस राहिलात, तिथे कायमचे राहू लागल्यावर न्हाणीघराच्या वेळेपासून देवघराच्या चावीपर्यंत सगळ्या गोष्टी नव्याने ठरवाव्या लागतात, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या दोन भावांनी त्यातून जाण्याची काही गरज नाही. शिवाय जुन्या घरांच्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या उभ्या असतात, शाकारणी एक वर्ष जरी चुकली तरी माडीवर पाणी ठिबकते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या रेशमी साड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके उठतात. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना दमा आहे त्यांनी हा पाऊस आधी अनुभवावा.

म्हणून माझा सल्ला असा, की तिकडचे घर सध्या विकू नये. ते भाड्याने द्यावे, आणि टिळकवाडी किंवा हिंदवाडीत तळमजल्यावरची जागा भाड्याने घेऊन मे ते पुढच्या मेपर्यंत एक पूर्ण वर्ष राहावे. त्या वर्षात दोन महिने आपण मुलाकडे जावे आणि वहिनींनी इथे एकट्याने राहून पाहावे. बँकेत, दवाखान्यात, गॅस संपल्यावर, रात्री वीज गेल्यावर त्यांना काय लागते आणि कोणाला हाक मारता येते, हे त्या दोन महिन्यांत जितके कळेल तितके चर्चेतून कळणार नाही. आपण त्या काळात रोज फोनवरून मार्ग सुचवू नयेत, ही विनंती.

पैशाच्या बाबतीत काही गोष्टींकडे लक्ष वेधते. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही. पण इथे त्याचा उपयोग नाही म्हणून त्याचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा, हप्ता भरावा लागणारा भाग) बंद केला आणि पुढे परत जावे लागले, तर बंद राहिलेल्या प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांमागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ सहसा आयुष्यभर राहते. एकटे उरलेले माणूस मुलाकडे जाण्याची शक्यता असेल तर तो हप्ता भरत राहणेच मला शहाणपणाचे वाटते. दुसरे म्हणजे, भारतात नवा आरोग्य विमा घेण्यास २०२४ पासून वयाची वरची अट राहिलेली नाही, तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तेव्हा येण्याचे नक्की होताच विमा घ्यावा, आजारपणाची वाट पाहू नये. अमेरिकेचे नागरिक म्हणून तिकडचे कराचे विवरणपत्र दरवर्षी भरावेच लागेल. इतकी वर्षे बाहेर राहिलेल्यांना परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षे परदेशातल्या उत्पन्नावर भारतात करसवलत मिळू शकते, म्हणून दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराकडून परतीची तारीख ठरवून घ्यावी.

वर्षाच्या शेवटी वहिनींना पुणे बरे वाटले, तर तेही मनापासून मान्य करावे. पुण्याहून बेळगाव साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे; सकाळी निघालेले माणूस दुपारच्या जेवणाला शहापुरात पोहोचते, आणि सोबत्यांना भेटायला, शेतावर जायला आपण महिन्यातून एकदा येऊ शकता. आपली ओढ खरी आहे आणि ती मला पूर्ण कळते. मीही त्याच ओढीने आले. पण मला इथे निभावता आले ते इथली माहेरवाशीण होते म्हणून, आणि हे मला यजमान असताना सुचले नव्हते.

पुढचे पत्र वहिनींनी स्वतःच्या हाताने लिहावे. आपण ते पाठवण्यापूर्वी वाचू नये.