तीन नर आणि चार माद्या अशा बदकांच्या कळपात एक मादी सतत जखमी होत असेल, तर काय करावे?

तुमच्याकडे तीन नर आणि चार माद्या आहेत. त्यांपैकी एका मादीच्या मानेमागची पिसे गेली असून ती लंगडू लागली आहे, आणि महिन्यापूर्वी आणलेल्या मादीला जुन्या माद्या खाण्याजवळ फिरकू देत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. यातला भांडखोर नर कोणता हे कसे ओळखावे, असा तुमचा प्रश्न आहे. गेली नऊ वर्षे मी बदके पाळत आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, की या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात दिवस घालवू नका, कारण तुमच्या कळपातील त्रास एखाद्या नराच्या स्वभावातून नव्हे, तर नरांच्या संख्येतून आलेला आहे.

मात्र त्याआधी लंगडणाऱ्या मादीला आजच वेगळे करा. तिला दूरच्या खोलीत कोंडू नका. कुंपणाच्या आतच एक कोपरा जाळीने अडवा आणि तिथे तिला ठेवा, म्हणजे ती इतरांना दिसत राहील. पूर्णपणे नजरेआड गेलेले बदक काही दिवसांनी परत आले, की कळप त्याला अनेकदा परके मानतो आणि त्याची जागा त्याला पुन्हा भांडून मिळवावी लागते. तिला उचलताना पाय धरू नका, कारण बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरून तिला उचला. मग मानेची मागची बाजू, डोळ्यांभोवतीची कातडी आणि पंखांखालची जागा पिसे बाजूला करून नीट पाहा. नर मादीवर चढताना चोचीने मान पकडतो आणि तोल सावरण्यासाठी नखे रोवतो, त्यामुळे जखमा बहुधा याच ठिकाणी सापडतात. जखम मिठाच्या सौम्य पाण्याने धुवा आणि तिच्यावर माश्या बसणार नाहीत याची काळजी घ्या. डोळा सुजलेला असेल, किंवा ती पायावर भारच टाकत नसेल, तर पशुवैद्याकडे नेण्यात उशीर करू नये.

आता संख्येकडे वळू. एका नरामागे चार ते सहा माद्या असाव्यात, असे बदके पाळणारे सामान्यतः मानतात. तुमच्याकडे एका नरामागे दीड मादीदेखील नाही. मस्कोव्ही सोडली, तर आपण पाळतो त्या बहुतेक सर्व जाती मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या आहेत. रानात या बदकांच्या हंगामी जोड्या जमतात आणि जोडीदार नर आपल्या मादीची राखण करतो, पण जोडी न जमलेले नर मिळून एखाद्या मादीचा पाठलाग करतात. रानातली मादी अशा वेळी उडून जाऊ शकते. तुमची मादी बहुधा धड उडू शकत नाही, कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही, आणि एका नराने तिला सोडले की दुसरा तिच्या मागे लागतो. तिची चाल मंदावली, की पकडायला सर्वांत सोपी तीच उरते, आणि म्हणून सगळा भार एकाच मादीवर पडत जातो.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: चार माद्यांसाठी एकच नर ठेवा. फक्त ‘सर्वांत वाईट’ वाटणारा नर काढून काम भागेल, असे समजू नका. मीही एकदा तेच केले होते, आणि जो दुसरा नर तोवर मागे मागे राहत होता, तो आठवड्याभरात पहिल्याच्या जागी आला. उरलेल्या दोन नरांना चांगले घर शोधून द्या, किंवा त्यांच्यासाठी वेगळे कुंपण करा. केवळ नरांचा कळप आश्चर्य वाटावे इतका शांत राहतो, कारण त्यांच्यातील बहुतेक भांडणे माद्यांवरूनच होतात. मात्र त्यांना माद्या दिसणार नाहीत आणि शक्य तर ऐकूही येणार नाहीत, अशी जागा द्यावी. जागा नाही म्हणून त्यांना कोंबड्यांमध्ये सोडण्याची चूक कृपया करू नका. कोंबड्याला लिंग जवळजवळ नसते, नर बदकाला मात्र लांब लिंग असते, आणि त्याने कोंबडीशी समागम केल्यास तिला आतून गंभीर इजा होऊ शकते. अंड्यांची चिंता असेल, तर माद्या नराशिवायही अंडी घालतात. फक्त त्यांतून पिल्ले होत नाहीत.

ही व्यवस्था होईपर्यंत खोल पाण्याचे टाके झाकून ठेवा. बदकांचा समागम बरेचदा पाण्यात होतो, आणि एकापाठोपाठ दोन-तीन नर चढले तर मादीचे डोके पाण्याखाली दाबले जाते. माझी एक मादी अशीच बुडून मेली. मी जवळच काम करत होतो, आणि बदक पाण्यात बुडू शकते, हे माझ्या मनातही आले नव्हते. डोळे आणि नाकपुड्या धुण्यासाठी त्यांना डोके बुडेल इतके पाणी लागते, तेवढे उंच कडांच्या भांड्यात द्या.

नव्या मादीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कळपात एक उतरंड असते आणि नवे बदक आले की ती नव्याने ठरते. थोडा पाठलाग, एखादी टोच, मान ताठ करून अंगावर जाणे, इतकेच नव्हे तर एका मादीने दुसरीवर चढणे, हे सारे त्या ठरवण्याचाच भाग आहे आणि त्यात आपण पडू नये. कोनराड लोरेन्झ या अभ्यासकाने, ज्यांना 1973 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, मॅलार्डच्या मादीची एक लकब वर्णिली आहे: ती परक्या बदकाकडे खांद्यावरून मान वळवून ओरडते आणि आपल्या नराला त्याच्यावर सोडते. तुमच्या जुन्या माद्या असे करताना तुम्हाला कदाचित दिसेल. असे दिसले, तर नवीला हाकलणाऱ्या नराच्या मागे जुन्या मादीची चिथावणी आहे, हे लक्षात घ्या. मर्यादा कुठे संपते, हे मात्र नीट ठरवा. रक्त दिसले, किंवा खाणेपिणे तुटले, तर ती नुसती उतरंड राहिलेली नाही.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. नव्या मादीला लंगडणाऱ्या मादीबरोबर त्याच जाळीआड ठेवा. ती महिनाभर कळपातच असल्याने रोगाच्या भीतीने वेगळे ठेवण्याचा काळ आता उलटून गेला आहे, आणि दोघी दोन आठवडे एकत्र खातील, झोपतील, तर परत जाताना नवी एकटी नसेल. एकटे बदक कळपात शिरवणे नेहमीच कठीण असते. सोबतीने शिरलेल्याला मार कमी बसतो.

त्या परत येण्यापूर्वी आवारात थोडा बदल करा. खाण्याची भांडी दोनऐवजी तीन ठेवा आणि एका ठिकाणी उभे राहून सगळी राखता येणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवा. मध्ये एखादी उभी फळी किंवा झुडूप असावे, म्हणजे पळणारे बदक नजरेआड जाऊ शकेल. एका तोंडाचा कोपरा मात्र कुठेही ठेवू नका, कारण तिथे ते अडकते. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी निदान चार चौरस फूट आणि बाहेर किमान पंधरा चौरस फूट जागा हवी. खुराड्यात रात्री दिवा लावत असाल, तर तो बंद करा. दिवस लांबत जातो तसा नरांचा जोर वाढतो, आणि दिव्यामुळे शरीराला दिवस लांबल्याचाच भास होतो.

मानेवरची पिसे मुळासकट उपटली गेली असतील तर काही आठवड्यांत परत येतील. मध्येच तुटलेली मात्र पुढच्या पिसे झडण्याच्या काळापर्यंत तशीच राहतात, म्हणून सर्व पिसे येण्याची वाट पाहू नका. कातडी भरून आली आणि चाल सरळ झाली, की दोघींना एकदम सोडा. हे सकाळी करा, भांड्यांत खाणे भरून झाल्यावर, आणि त्या दिवशी तासभर तरी तिथेच थांबा. ठेवलेल्या एका नराने एकदा पाठलाग करून सोडून दिले, तर काही करू नका; तो पुन्हा पुन्हा त्याच मादीवर येत राहिला, तर या वेळी जाळीआड मादी नव्हे, नर ठेवावा.