'आस्क्ड'मधला क

प्रश्न असा आहे: 'विचारलं' या अर्थाचा इंग्रजी शब्द शाळेत 'आस्केड' असा शिकवला, पण इंग्रज माणूस बोलताना 'आस्ट' म्हणतो असं ऐकू येतं. बरोबर काय?

'आस्ट' चालतं, 'आस्केड' चालत नाही. कोशातला उच्चार 'आस्क्ट': क अघोष, म्हणजे घशात कंप न होता उच्चारला जाणारा, असल्यामुळे पुढच्या ड चा ट होतो. भूतकाळी प्रत्ययाचा वेगळा स्वर फक्त ट आणि ड नंतर येतो, जसं 'वॉन्टिड', 'नीडिड'.

मग आपण मध्ये 'ए' का घालतो? स्पेलिंग दिसतं म्हणून, हे खरंच. पण आपल्या जिभेची सवयही आहे. सुरुवातीचं जोडाक्षर आपल्याला जड जात नाही. 'स्त्री' म्हणणाऱ्याला 'स्ट्रीट' कसला अवघड! हिंदी पट्ट्यात 'इस्कूल' ऐकू येतं, आपण सरळ 'स्कूल' म्हणतो. अडतं ते शेवटी. 'घर' म्हणून बघा आणि मग 'गर्व' म्हणा. 'घर' र वर थांबतं, 'गर्व'च्या शेवटी मात्र पुसटसा अ उरतो. शब्द, धर्म, मित्र, सगळीकडे तेच. शेवटच्या जोडाक्षराला स्वराचा टेकू द्यायचा ही मराठीची रीत, आणि इंग्रजीत तर शेवटी चार-चार व्यंजनं टेकूविना उभी असतात: 'टेक्स्ट्स', 'सिक्स्थ्स', 'प्रॉम्प्ट्स'.

ही गर्दी इंग्रजांनाही जड जाते. पण ते स्वर घालत नाहीत, मधलं व्यंजन गाळतात. 'नेक्स्ट डे'चं 'नेक्स डे' होतं. कपडे या अर्थाचा 'क्लोद्झ' तर 'क्लोझ' असाच सर्रास म्हटला जातो आणि कोशांनाही तो मान्य आहे. 'ख्रिसमस'मधला ट इतका पूर्वी गळला की आपण देवनागरीत तो लिहीतही नाही.

व्यंजन गळलं तरी शब्दाचा ठेका तोच राहतो, स्वर वाढला की ठेका बदलतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकणारा शब्द ओळखतो तो बराचसा ठेक्यावरून. हनुवटीखाली हात धरून म्हणून पाहा: 'आस्क्ट'ला हनुवटी एकदाच खाली जाते, 'आस्केड'ला दोनदा.

जाता जाता, या क्रियापदाची जुन्या इंग्रजीत स-क आणि क-स अशी दोन्ही रूपं होती. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या लिखाणात 'अ‍ॅक्स' सापडतं. आपण 'ब्राह्मण' लिहून 'ब्राम्हण' म्हणतो, तशीच ही अदलाबदल.