कॉन्ट्रॅक्टरची सूट नेमकी कशाची?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची आई कायमची त्यांच्याकडे राहायला येणार आहे. राहतं घर वरच्या मजल्यावर, बाथरूम जुनं आणि अडचणीचं. ते पूर्ण फोडून नवं करायचं, कमोड समोरच्या भिंतीला न्यायचा, दार रुंद करायचं, गिझरसाठी वेगळी वायर ओढायची, असा बेत आहे. हिशेब सोपा जावा म्हणून ताईंनी एकूण खर्चाला १०० धरलंय. त्यातले ९२ कॉन्ट्रॅक्टरचे आणि ८ नकाशा, इंजिनिअर आणि परवानगीच्या शुल्काचे. हातात ६० आहेत, उरलेल्या ४० साठी १२ टक्क्यांनी ३ वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढणार आहेत. महिन्याला बचत होते साधारण ६. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘घरातल्या घरात काम आहे, परवानगी कसली घेता? दोन महिने फुकट जातील. तसंच करू, मी ९२ चे ८६ करून देतो.’ म्हणजे एकूण १४ वाचतात. पाचेक वर्षांनी हे घर विकून मोठं घ्यायचा विचार आहे. ताईंचा प्रश्न: ‘हे १४ वाचवणं शहाणपणाचं आहे की नाही?’

ताई, माझं मत आधी सांगतो. सूट घेऊ नका, परवानगी काढा. पण आत्ता काढलेला नकाशा मात्र अर्जाला जोडू नका. आधी तो बदलू या. पैसे त्या नकाशात अडकलेत, शुल्कात नाहीत.

परवानगी कशाला लागते, ते आधी पाहू. नियम जागेप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्या इमारतीला लागू असलेला नियम स्थानिक कार्यालयात विचारूनच घ्या, तोही शक्यतो लेखी. पण सर्वसाधारण तर्क सगळीकडे सारखा असतो. फरशी बदलली, नळ बदलले, बेसिन होतं तिथेच नवं बसवलं, रंग दिला, तर सहसा कुणी विचारत नाही. सांडपाण्याची लाइन हलवली, नवीन विजेची लाइन ओढली, भिंत फोडली, की विचारतात. तुमच्या यादीत या तिन्ही गोष्टी आहेत. शिवाय इमारतीची संस्था असेल तर तिची संमती वेगळी. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली, असं नसतं.

आता त्या ६ च्या सुटीकडे बघू. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही, पण कोणताही व्यावसायिक स्वतःचे ६ उगाच सोडत नाही. तपासणी असली की टाइल्स बसवण्याआधी काम थांबवावं लागतं. पाइपचा उतार, सांधे, वायरिंग, वॉटरप्रूफिंग हे सगळं उघडं असताना कुणीतरी तिसरा माणूस येऊन बघतो. चूक निघाली तर दुरुस्ती कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चाने होते. तपासणी नसली की तीच चूक फरशीखाली जाते आणि सापडते तेव्हा घर तुमचं असतं, तो दुसऱ्या कामावर असतो. म्हणजे त्याची जोखीम तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेताय आणि त्याबद्दल तो तुम्हाला ६ देतोय. याला सूट म्हणायचं तर म्हणा. शिवाय परवानगीशिवायचं काम म्हटलं की तोंडी ठरतं, बिलही धड मिळत नाही. मग पुढे तक्रार करायची वेळ आलीच तर दाखवायला हातात कागद काय असणार?

आकडे मांडू. न विचारता केलं तर वाचतात १४. प्रकरण अंगाशी आलं, म्हणजे गळती झाली, तक्रार झाली किंवा विक्रीच्या वेळी अडलं, तर काय? लपलेलं काम दाखवायला टाइल्स फोडा, पुन्हा बसवा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करा, परवानगीचे ८ आता भरा, वर दंड. तुमच्याच कोटेशनमधले आकडे घेऊन मी हिशेब केला तर हे ५० च्या आसपास जातं. १४ ला ५० ने भागलं तर ०.२८. याचा अर्थ शंभरातल्या २८ पेक्षा कमी वेळा अंगाशी येत असेल, तर सरासरीने न विचारता करणारा फायद्यात राहतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अनेकांचं खपूनही जातं. ‘आमच्याकडे कुणी आलं नाही बघायला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात.

पण सरासरी शंभर घरांची असते. तुमचं घर एक आहे. ५० चा फटका बसला तर तो एकदम बसेल, आणि तेव्हा तुमची बचत बाथरूममध्ये जिरलेली असेल, डोक्यावर कर्जाचा हप्ता असेल. तुमच्या बचतीच्या वेगाने ५० म्हणजे आठ महिन्यांहून जास्त. त्यात आईच्या औषधपाण्याचा खर्च नुकताच वाढलेला. ज्याच्याकडे असा फटका सहज सोसण्याइतकी शिल्लक आहे, त्याने जुगार खेळावा. तुम्ही नको.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी आमच्या बाथरूमचं काम मी असंच ‘छोटंसं तर आहे’ म्हणून न विचारता करून घेतलं. सल्लागाराच्या घरचं काम, म्हणजे हिशेब चोख असणार असा माझाच समज! वर्षभरात खालच्यांच्या छतावर ओल उमटली. जाळीजवळच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. काम करणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. आमची फरशी पुन्हा फोडली आणि खालच्यांचं छत, रंग, त्यांच्या कपाटाचं लाकूड, सगळं भरून दिलं. एका बाथरूमचे पैसे वाचवायला गेलो आणि दीड बाथरूमचे दिले. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळी बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवतात आणि खालून छत बघतात, ही साधी चाचणी तेव्हा कुणीतरी करायला लावली असती, तर सांधा तेव्हाच सापडला असता. तुम्ही परवानगी घ्या वा घेऊ नका, ही चाचणी करारात लिहून घ्या.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी २८ टक्क्यांच्या गणितात बसत नाही. तुम्ही पाच वर्षांनी घर विकणार आहात. गळती होईल की नाही हे नशिबावर, पण विक्री तर तुम्हीच ठरवलेली आहे. घेणारा कर्ज काढणार असेल, तर त्याच्या बँकेचा मूल्यमापक येतो आणि मंजूर नकाशाशी घर ताडून बघतो. रुंद केलेलं दार त्याला दिसेल. कमोड कदाचित दिसणार नाही, पण घरात केलेले बदल विक्रेत्याने लेखी सांगायचे, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. तिथे खोटं लिहिलंत, तर घर विकल्यानंतरही ते तुमचा पिच्छा सोडणार नाही. खरं लिहिलंत, तर घेणारा भाव पाडणार, आणि तो १४ वर थांबणार नाही. घराच्या विम्याचंही असंच. पाण्याने झालेल्या नुकसानीबद्दल आणि विनापरवाना बदलांबद्दल तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय, ते काम सुरू करण्यापूर्वी वाचा. विमा कंपनीला मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

आता नकाशाकडे येतो, कारण खरी बचत तिथेच आहे.

कमोड समोरच्या भिंतीला का न्यायचाय? तुमच्या पत्रात एवढंच आहे की ‘आईला मोकळी जागा हवी.’ कमोडचा पाइप साधारण १०० ते ११० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याला दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्यावा लागतो, नाहीतर मैला अडकतो. मुख्य पाइप आहे तिथेच राहणार. म्हणजे कमोड तीन मीटर लांब गेला, तर उतारालाच तीन ते सहा सेंटिमीटर गेले, वर पाइपची स्वतःची जाडी. स्लॅबला तर हात लावता येत नाही. मग ही उंची येणार कुठून? बहुतेक वेळा जमीन उचलून. जमीन उचलली की दारात पायरी आली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईसाठी ओल्या जागेच्या तोंडाशी पायरी! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांच्याच पायात अडथळा, तोही जास्तीचे पैसे देऊन.

कमोड जागेवर राहू द्या. आईला खरं लागणार आहे ते वेगळंच: घसरणार नाही अशी फरशी, अंघोळीच्या जागेला उंबरा किंवा कठडा नको, बसायची पक्की सोय, थोडा उंच कमोड आणि भिंतीला धरायचे दांडे. दांडा नुसता टाइलला स्क्रू मारून लावायचा नसतो. तोल गेला की माणूस पूर्ण वजनाने लटकतो, म्हणून त्याने शंभर किलोच्या वरचा भार पेलायला हवा, आणि त्यासाठी टाइल्स लावण्याआधी मागची भिंत तशी तयार करावी लागते. नंतर सुचलं तर उशीर झालेला असतो.

दाराचंही तसंच. भिंत फोडण्याआधी दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं करून बघा. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर अंगाच्या आडकाठीने ते बाहेरून ढकलता येत नाही. बाहेर उघडणाऱ्या दाराने ही भीतीही जाते आणि आतली जागाही मोकळी होते. चौकटीतून निदान ८० सेंटिमीटरची वाट मिळत असेल, तर वॉकर घेऊन जाता येतं, मग भिंत आहे तशी राहू द्या. मिळत नसेल आणि फोडावीच लागली, तर ती भिंत वरचा भार पेलते का, हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय घण घालू नका. आणि गिझरच्या नव्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. त्यात काटकसर नको.

तुमच्याच कोटेशनमध्ये कमोड हलवणं, जुनी लाइन उखडणं आणि जमीन उचलणं मिळून २० लावलेत. ते गेले की ९२ चे ७२ राहतात. इंजिनिअरची फी आणि परवानगीही हलकी होईल, ४ धरू. झाले ७६. जुनं बाथरूम उघडलं की आत काय निघेल, सांगता येत नाही. त्यासाठी ७२ च्या १५ टक्के, म्हणजे ११ बाजूला ठेवा. अगदी सगळं लागलं तरी ८७. कॉन्ट्रॅक्टरच्या विनापरवाना ८६ च्या जवळजवळ तेवढंच, आणि कागद हातात.

आता त्या ‘फुकट’ जाणाऱ्या दोन महिन्यांकडे बघा. परवानगीचे दोन महिने आणि कामाचे साधारण दोन, अशा चार महिन्यांत तुमची बचत होते २४. हातातले ६० मिळवले की ८४. म्हणजे कर्जाची गरजच जवळपास संपली. सगळं वाईटच निघालं तर ३ कमी पडतील, ते पंधरा दिवसांच्या बचतीत भरून निघतात. आणि ते ४० चं कर्ज १२ टक्क्यांनी ३ वर्षं फेडलं असतं, तर नुसतं व्याज ७.८ गेलं असतं. परवानगीच्या ८ वर तुम्ही दोन पानं लिहिलीत, तेवढ्याच व्याजाला पत्रात एक ओळ आहे! रागावू नका, आपण सगळेच असं करतो. शुल्क एकदम द्यावं लागतं म्हणून टोचतं, व्याज हप्त्यात विरघळून जातं.

आई चार महिन्यांच्या आतच येणार असेल, तरी कर्ज घेऊन घाई करू नका. मधल्या काळासाठी कमोडवर बसवायची उंच सीट, सुटं शॉवर स्टूल आणि घसरू न देणाऱ्या रबरी मॅट एवढ्यावर भागतं. यातल्या कशालाही परवानगी लागत नाही.

कॉन्ट्रॅक्टर हाच ठेवायला हरकत नाही, मात्र पैसे कॅलेंडरप्रमाणे देऊ नका, टप्प्याप्रमाणे द्या. सुरुवातीला थोडी उचल, पाइप आणि वायरिंगची तपासणी पार पडली की पुढचा हप्ता, पाणी साठवण्याची चाचणी झाली की त्यापुढचा, आणि किमान १० टक्के पूर्णत्वाचा दाखला हातात आल्यावरच. परवानगी येण्यापूर्वी टाइल्सची ऑर्डर देऊ नका, तपासणीत माप बदललं तर त्या पडून राहतील. टाइल्स बसण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला, तर पाइप कुठे आहे ते त्यातच सापडेल, आणि घर विकतानाही दाखल्याबरोबर ठेवायला बरे.

या अटी ऐकून तो ‘मग मला परवडत नाही’ म्हणाला, तर आणखी दोन कोटेशनं मागवा. नकाशा नक्की करण्यापूर्वी मात्र एक काम करा. आई भेटायला येतील तेव्हा त्यांना त्या बाथरूममध्ये उभं करा, कमोडवर बसायला आणि उठायला सांगा. हात आपोआप जिथे भिंतीला टेकेल तिथे पेन्सिलने खूण करा, जमिनीपासून किती सेंटिमीटर ते मोजा आणि तो आकडा इंजिनिअरला द्या.